राखेने मिथिलीन ब्लू शोषला जातो, मग रंगाईचे पाणी तसेच का राहते?

पंचगंगाकाठ:
नमस्कार. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत असून टाकाऊ औद्योगिक पदार्थांपासून स्वस्त अधिशोषक (पाण्यातला रंग आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ) तयार करणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलरमधून चिपाडाची राख आणली, चाळली, पाण्याने धुतली आणि ११० अंश सेल्सिअसला वाळवली. लिटरमागे १०० मिग्रॅ मिथिलीन ब्लू असलेल्या ५० मिली द्रावणात ०.१ ग्रॅम राख घालून दोन तास शेकरवर ठेवली आणि मग गाळली, तेव्हा लिटरमागे २० मिग्रॅच रंग उरला. त्या उत्साहात इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसचे, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचे, सांडपाणी आणले. पण दोन तासांनीही ते तसेच तांबूस-जांभळे राहिले आणि वर राखेचे काळे, हलके कण तेवढे तरंगत होते. मार्गदर्शक राखेचे प्रमाण वाढवायला सांगतात. एवढ्याने प्रश्न सुटेल का?

सामू_सात:
माझ्या मते सुटणार नाही, कारण अडचण प्रमाणाची नसून प्रभाराची आहे. मिथिलीन ब्लू हा धनप्रभारी रंग आहे. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि सिलिकेचा पृष्ठभाग साधारण २ सामूच्या वर ऋणप्रभारी होतो, त्यामुळे हा रंग तिला आपसूक चिकटतो. सुती कापडासाठी मात्र रिॲक्टिव्ह रंग वापरतात. त्यांच्या रेणूंवर सल्फोनेट गट असल्याने ते ऋणप्रभारी असतात, आणि रंगाईत सोडा ॲश घातलेला असल्यामुळे त्या पाण्याचा सामूही बराच चढलेला असतो. अशा पाण्यात राख आणि रंग एकमेकांना दूर ढकलतात. जो काही रंग जातो, तो बहुतांशी राखेतल्या न जळलेल्या कार्बनमुळे जातो. रंगाईत घातलेले मीठही या पाण्यात असते, पण त्याला सरसकट दोष देऊ नका. जिथे दोन्हीकडे ऋणप्रभार असतो तिथे मीठ ते प्रतिकर्षण थोडे झाकते आणि अधिशोषणाला मदतही करते.

मिथिलीन ब्लूवर छान आकडे येतात, म्हणून बहुतेक विद्यार्थी तोच रंग निवडतात आणि शीर्षकात ‘वस्त्रोद्योगाचे सांडपाणी’ लिहून मोकळे होतात. तुम्ही खरे पाणी आणून पाहिलेत, हे मला फार आवडले. आता सल्फ्युरिक आम्लाने सामू ३ च्या आसपास आणून तोच प्रयोग पुन्हा करा. रंग निश्चितच अधिक उतरेल. मात्र आम्लात राखेतले धातूही सुटतात, तेव्हा गाळलेल्या पाण्यात ते तपासल्याशिवाय यश जाहीर करू नका. शिवाय मिश्र रंगांच्या पाण्यात प्रकाश सर्वाधिक शोषला जाण्याचे एकच शिखर नसते, म्हणून मिथिलीन ब्लूच्या ६६४ नॅनोमीटरवर अडकून न राहता ४३६, ५२५ आणि ६२० अशा तीन तरंगलांबींवर मोजणी करा.

आणखी एक शंका आहे. तुमच्या आकड्यांवरून ग्रॅममागे ४० मिग्रॅ अशी क्षमता निघते, पण तुम्ही द्रावण गाळणकागदातून गाळले. हा कागद सेल्युलोजचा असतो आणि मिथिलीन ब्लू त्यालाही चिकटतो. राख न घालता तेच द्रावण गाळून पाहिले होते का?

रंगारी_सोलापूर:
मी टॉवेल-चादरींच्या रंगाईत बरीच वर्षे आहे, त्यामुळे मला आधी हिशेब दिसतो. समजा, खऱ्या पाण्यात तुमची राख ग्रॅममागे ५ मिग्रॅच रंग धरते आणि लिटरमागे ८० मिग्रॅ रंग काढायचा आहे. म्हणजे लिटरला १६ ग्रॅम राख लागली. रोज एक लाख लिटर पाणी सोडणाऱ्या लहान युनिटला ती दररोज १६०० किलो लागेल आणि निदान तेवढा तरी रंगलेला, ओला गाळ रोज बाहेर पडेल. कारखाना राख फुकट देईलही, पण ट्रकभाडे, आम्ल, ते आम्ल उदासीन करण्याचा चुना आणि या गाळाची विल्हेवाट यांचा खर्च कोणी करायचा? ‘स्वस्त’ हा शब्द प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबतो. तुमच्या प्रबंधात या गाळावर एक पान जरी आले, तरी आम्हांला त्याचा उपयोग होईल.

मातीमोल:
ऋणप्रभारी रंगच काढायचे असतील, तर राखेऐवजी बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल गाळ तपासा. असा कारखाना बेळगावला आहे, म्हणजे कोल्हापूरपासून तो दूर नाही. त्यातली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे साधारण ८ सामूपर्यंत धनप्रभारी राहतात. मात्र हा गाळ अतिशय अल्कधर्मी असतो, त्यामुळे आम्लाने सक्रिय केल्याशिवाय तो कामाचा नाही आणि हातमोज्यांशिवाय हाताळण्यासारखाही नाही.

पंचगंगाकाठ:
सर्वांचे आभार. आज राखेविना कोरी चाचणी केली. कागदावर निळा डाग उरला आणि गाळलेल्या द्रावणात लिटरमागे ९ मिग्रॅ रंग कमी भरला. मग राख घातलेला नमुना न गाळता सेंट्रिफ्यूज केला (वेगाने फिरवून राख तळाशी बसवली), तर २० ऐवजी २७ मिग्रॅ उरला, म्हणजे खरी क्षमता ग्रॅममागे ३६.५ मिग्रॅ भरते. आधीचे सगळे तक्ते आता बदलावे लागतील. सामू ३ ची चाचणी सोमवारी लावतो आहे. गाळाचे पान मार्गदर्शकांना विचारून ठरवेन.