हवेचं नियोजन एकेका शहरापुरतं करून काही उपयोग आहे का?

वाऱ्याची_दिशा:
प्रदूषणाचे बहुतेक आराखडे बघा, एकेका शहराचे असतात. पण पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, ते हवेत कित्येक दिवस राहतात नि शेकडो किलोमीटर जातात. आणि त्यातले बरेचसे कण धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडतच नाहीत, गाड्या नि वीजकेंद्रांतून निघालेले नायट्रोजन ऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड, शेतातल्या खतातून नि शेणमुतातून सुटलेला अमोनिया, हे सगळं वाटेत एकत्र येतं आणि कण हवेतच तयार होतात. मग एका पालिकेने रस्त्यावर पाणी मारून काय होणार? नियोजन एअरशेडचं हवं, म्हणजे डोंगर, खोरी, वारे यांच्यामुळे ज्या पट्ट्यातली हवा एकत्र फिरते तो सगळा पट्टा. आणि मोजणारी स्टेशनंही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे, पार खेड्यात हवीत, नाहीतर शहरातल्या आकड्यात आपलं किती आणि बाहेरून आलेलं किती हे कळायचं कसं?

थेट_बोलतो:
नाही पटलं. "बाहेरून येतंय" हे वाक्य प्रत्येक शहराच्या कारभाऱ्यांना हवंच असतं, तुम्ही त्याला शास्त्राचा आधार देताय. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमधे धुरक्याने हजारो माणसं गेली, १९५६ ला कायदा आला, घराघरातला कोळशाचा धूर कमी करत नेला. कुणी एअरशेड मोजत बसलं नव्हतं. कारणं माहीत असताना आणखी मोजायचं म्हणजे निर्णय पुढे ढकलायचा, बाकी काही नाही.

वाऱ्याची_दिशा:
लंडनची पुढची गोष्टपण सांगा की. शहर स्वच्छ व्हावं म्हणून वीजकेंद्रांची धुराडी उंच केली, शहराला बरं वाटलं आणि गंधक गेलं थेट नॉर्वे-स्वीडनकडे, तिथल्या तळ्यांचं पाणी आम्ल झालं, मासे संपले. ब्रिटनमधल्या कुठल्याही स्टेशनवर हे दिसलं नसतं. त्यातूनच १९७९ चा जिनिव्हा करार झाला, आणि कुठल्या देशाचं गंधक कुठे जाऊन पडतं याचा हिशोब एमेप नावाचं मोजमापाचं जाळं ठेवायला लागलं.

थेट_बोलतो:
बरोबर, आणि पुढे काय झालं? १९८५ ला हेलसिंकीत गंधक ३० टक्के कमी करायचं ठरलं तेव्हा ब्रिटनने सहीच केली नाही! हिशोब समोर होता तरी. मी तेच म्हणतोय, आकड्यांनी कुणी हलत नाही.

सेन्सरवाली:
मधे बोलते, कारण मी हे मोजायचंच काम करते. जास्त स्टेशनं म्हणताना कसली स्टेशनं ते बोला. स्वस्त सेन्सर कण मोजत नाही, कणांवरून उडालेला लेसरचा प्रकाश मोजतो. धुक्याच्या सकाळी कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर भलताच मोठा आकडा दाखवतो, शेजारचं मोठं यंत्र मात्र हवा आत घेताना गरम करून ओलावा घालवतं, त्यामुळे त्याचा आकडा खाली असतो. दोघं काही आठवडे शेजारी ठेवून, आर्द्रता धरून दुरुस्ती केली की स्वस्त सेन्सर चांगला कामाला येतो, न करता नुसते शंभर बसवले तर शंभर ठिकाणी भांडणं. आणि नुसत्या आकड्यावरून धूर कुणाचा ते कळत नाही, त्यासाठी फिल्टरवरचे कण लॅबमधे तपासावे लागतात, लाकूड जळलं की लेव्होग्लुकोसॅन नावाचं रसायन सापडतं, ते कोळशाच्या किंवा डिझेलच्या धुरात तसं सापडत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, फीत कापण्यासारखं काही नसतं, म्हणून पैसे मिळत नाहीत.

थेट_बोलतो:
ताई हे मान्य, फिल्टरचं काम व्हायलाच हवं, कारण त्यात धूर कुणाचा त्याचं नाव पुढे येतं. पण ते निघेपर्यंत थांबायचं हे मान्य नाही.

खिडकी_बंद:
थांबा कोण म्हणतंय पण? बीजिंग बघा ना. २०१३ च्या आराखड्यात बीजिंग, शेजारचं तियानजिन शहर आणि हेबेई प्रांत एकत्र धरले, कोळशावर बंधनं आली, शेजारच्या हेबेईतल्या कारखान्यांनाही लागू, आणि मोजणी त्याच वेळी वाढवली. बीजिंगचं पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण २०१३ ला घनमीटर हवेत ८९.५ मायक्रोग्रॅम होतं ते २०१७ ला ५८ वर आलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा ५ आहे, म्हणजे अजून खूप लांब, पण एकट्या शहराने एवढंही झालं नसतं.

थेट_बोलतो:
तिथे वरून एक हुकूम निघाला की तिन्हीकडे चालतो. जिथे तीन वेगळी सरकारं, तीन वेगळ्या निवडणुका, तिथे तुमच्या एअरशेडचा हुकूम कोण काढणार? शहराच्या हद्दीतला धूर निदान आज बंद करता येतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

वाऱ्याची_दिशा:
तो आज बंद कराच, त्यात वाद नाही. पण लॉस एंजेलिसच्या पट्ट्यात १९७७ पासून चार काउंट्यांचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचा) मिळून एकच हवा-विभाग आहे, कारखान्याला परवाना तोच देतो आणि दंडही तोच करतो, तिथेही निवडणुका होतात. नुसती समन्वय समिती नको, परवाना अडवायचा अधिकार असलेली संस्था हवी, मी तीच मागतोय.

थेट_बोलतो:
अधिकारासकट असेल तर माझा विरोध नाही. अधिकार नसलेली आणखी एक समिती असेल तर मी तेच पैसे शहरातल्या बस वाढवायला मागेन.