'टिंकर टेलर' दोनदा बघून डोक्यावरून गेला. पुस्तक आधी वाचायला हवं होतं का?

निपाणीकर_फाउंड्री

नमस्कार मंडळी. मी मूळचा निपाणीचा, नोकरी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा धड झोप लागत नाही, मग मोबाइलवर काहीतरी बघत पडतो. गेल्या महिन्यात असाच 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' लावला. २०११ चा, गॅरी ओल्डमनचा. पहिल्या वेळी मधेच डोळा लागला. पाळीचा दोष म्हटलं आणि सुट्टीदिवशी चहा घेऊन परत बसलो. या वेळी जागा राहिलो, पण कळलं तरी काय? माणसं खोलीत येतात, एकमेकांकडं बघतात, एक फाइल इकडची तिकडं जाते आणि शेवटी एकाला धरतात. त्यालाच का धरलं ते मला बायकोला सांगता येईना. ती म्हणाली, "दोन तास बसून एवढंही कळलं नाही होय?"

आता माझी अडचण अशी की हेरकथा मला कळत नाहीत असं नाही. फोर्सिथचं 'द डे ऑफ द जॅकल' कॉलेजात असताना वाचलं, मग १९७३ चा सिनेमा बघितला, दोन्ही झकास. 'राझी' थेटरात बघितला आणि नंतर 'कॉलिंग सहमत' मिळवून वाचलं. तिथं तर मला सिनेमाच उजवा वाटला. मग जॉन ल कारेचंच पुस्तक पडद्यावर आलं की असं का होतंय?

मेहुणा म्हणतो, १९७९ ची बीबीसीची मालिका बघ, सात भाग आहेत. तर मालिका बघू, की आधी पुस्तक वाचू? घरभेदी कोण ते इथं कुणी लिहू नका, बाकीचे वाचत असतात.

खानापूर_रोड

कशाला त्रास करून घेताय ओ. पुस्तक वेगळं, पिक्चर वेगळा. लडलमचं 'द बोर्न आयडेंटिटी' १९८० चं. २००२ च्या सिनेमानं त्यातला विसरभोळा हेर तेवढा उचलला आणि ज्याच्यामागं अख्खं पुस्तक धावतं तो मारेकरी कार्लोस सरळ टाकून दिला. काय बिघडलं? 'कसिनो रॉयाल'च्या पुस्तकात बाँड बॅकरा खेळतो, २००६ च्या सिनेमात पोकर. तुम्ही-आम्ही दोन्ही खेळत नाही. जे बघवतंय ते बघायचं.

ट्रंककॉल_टिळकवाडी

निपाणीकर, सिनेमा कळला नाही यात तुमची चूक नाही. जरा लांबड लावतो, चालवून घ्या. (बाई आहे मी. बेळगावात आम्ही बायकाही 'आलो, गेलो, लावतो'च म्हणतो. पुण्याकडच्यांनी गोंधळू नये.)

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होतो. एसटीडी यायच्या आधी कोल्हापूरला बोलायचं तरी कॉल बुक करावा लागायचा. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. लाइन नीट लागली का, बोलणं चालू आहे का, हे बघायला मधे कान द्यावाच लागायचा, आणि दिलेला कान लगेच काढून घ्यायचा. ऐकलेलं घरी न्यायचं नाही. तंबाखूचा भाव, कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाची बदली, सगळं कानावरून जायचं. एक गोष्ट मात्र तिथं पक्की शिकलो. माणूस काय बोलतोय यापेक्षा तो कुठं गप्प बसतोय तिकडं लक्ष ठेवायचं. पैसे मोजून घेतलेल्या तीन मिनिटांत कुणी उगाच गप्प राहत नाही.

त्याच दिवसांत 'टिंकर टेलर' हातात आलं. लायब्ररीची प्रत. पहिल्याच कोऱ्या पानावर कुणीतरी पुण्यवान माणसानं पेन्सिलीनं त्या घरभेद्याचं नाव लिहून ठेवलेलं, खाली दोन रेघा. एवढा राग आला की काय सांगू. पुस्तक परत करणार होतो. पण घरी आणलंच होतं म्हणून चार पानं वाचली, आणि मग सोडवेना. नाव माहीत असूनही सोडवेना, हे लक्षात घ्या. म्हणजे पुस्तकाचा जीव 'कोण' यात नव्हताच.

बघा, नोकरीवरून काढलेला जॉर्ज स्मायली, त्याला गुपचूप बोलावून सांगतात की आपल्याच खात्यात वरच्या जागी मॉस्कोचा माणूस बसलाय, शोध. आता हा शोधतो कसा? पळत नाही, पिस्तूल रोखून दारं उघडत नाही. एका साध्या हॉटेलात खोली घेऊन जुन्या फायली वाचतो. खात्यातून हाकललेल्या, नाहीतर खात्यासाठी कधीमधी काम केलेल्या माणसांकडं जातो, समोर बसतो आणि त्यांना बोलू देतो. कॉनी सॅक्स, सॅम कॉलिन्स, जेरी वेस्टर्बी. प्रत्येकाकडं एकेक तुकडा. चेकोस्लोव्हाकियात मोहिमेवर पाठवलेल्या जिम प्रिडो या हेराचा घात कसा झाला ते खुद्द जिमच्या तोंडून आपल्याला पार शेवटाकडं कळतं. आपण स्मायलीच्या शेजारी बसून ऐकत असतो, आणि ऐकताना एक शंका सारखी जागी असते: हा खरं सांगतोय की स्वतःला वाचवतोय?

आता सिनेमावाल्याची पंचाईत इथं आहे. माणूस सांगतोय हे त्याला दोन तास दाखवता येत नाही. मग तो काय करतो, सांगितलेलं घडताना दाखवतो. आणि एकदा डोळ्यांनी बघितलं की शंका संपली. कानावर आपण विश्वास ठेवत नाही, डोळ्यावर पटकन ठेवतो. पुस्तकात जी साक्ष होती ती पडद्यावर घटना होते. मग आपण साक्षीदार ताडून बघायचं सोडून नुसत्या घटना मोजत बसतो, आणि एवढ्या घटना त्या वेळात मावत नाहीत. तुमचं डोकं तिथं गरगरलंय.

मालिकेचं कौतुक सगळे 'सात भाग, भरपूर वेळ' म्हणून करतात. वेळेचा फायदा झालाच. पण चेकोस्लोव्हाकियाची मोहीम त्यांनीसुद्धा उचलून पहिल्या भागात घातली आहे, म्हणजे लबाडी त्यांनीही केली. त्यांना वाचवलं स्मायली झालेल्या ॲलेक गिनेसनं. तो माणूस ऐकतो. समोरचा बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, आणि तरी कुठला शब्द त्यानं उचलला ते आपल्याला कळतंय. भूमिकेसाठी तो ब्रिटिश गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याबरोबर जेवायला गेला होता, त्यांची बसण्या-उठण्याची लकब बघायला. आणि कॉनी झालेली बेरिल रीड! एक खोली, एक म्हातारी, जुन्या आठवणी, बस. तो प्रसंग मी तीनदा बघितलाय. मुलगा बेंगळुरूहून डीव्हीडीचा संच घेऊन आला होता.

सुरुवातही बघा. पुस्तक सुरू होतं शाळेच्या आवारात, पावसात, एक लठ्ठ एकाकी पोरगा नव्या मास्तरला न्याहाळतोय तिथून. मालिका सुरू होते एका टेबलापाशी. चार साहेब एकेक करून खोलीत येतात आणि बसतात. एकाच्या हातात चहाचा कप, वर बशी झाकलेली. बराच वेळ कुणी बोलत नाही. पुस्तकात हे असं नाही, पण हेच पुस्तक आहे.

निपाणीकर_फाउंड्री

मावशी, साष्टांग. पण मग सिनेमा वाईटच म्हणायचा का? त्याला तर लोकांनी डोक्यावर घेतलंय.

ट्रंककॉल_टिळकवाडी

छे छे, वाईट कोण म्हणतंय. एका ठिकाणी तर तो मालिकेच्या पुढं जातो, आणि ते ठिकाण आपल्या दिल्लीचं आहे.

स्मायलीची आणि रशियन हेरप्रमुख कार्लाची गाठ अनेक वर्षांपूर्वी दिल्लीच्या तुरुंगात पडलेली असते. उकाडा, स्मायली बोलबोल बोलतोय, आमच्याकडं ये म्हणतोय, आणि समोरचा अवाक्षर काढत नाही. शेवटी तो स्मायलीचा लायटर तेवढा घेऊन जातो, बायकोनं दिलेला. पुस्तकात हे स्मायली स्वतः आपल्या सहकाऱ्याला सांगतो. मालिकेत प्रसंग दाखवलाय, कार्लाच्या जागी पॅट्रिक स्टुअर्ट, पूर्ण मुका. चांगलंच केलंय, पण कार्लाला चेहरा मिळाला आणि तो एक माणूस झाला. सिनेमात गॅरी ओल्डमन रिकाम्या खुर्चीकडं बघून बोलतो, कार्ला तिथं बसलाय असं समजून. आपण खुर्ची बघतो आणि ऐकतो. ऐकलेलं ऐकलेलंच ठेवलं. माझ्या मते अख्ख्या सिनेमात पुस्तकाच्या एवढ्या जवळ तो दुसरीकडं कुठं गेला नाही.

तुमचा 'जॅकल' पडद्यावर का जमला तेही यातच आलं. ते पुस्तक कानाचं नाही, हाताचं आहे. मेलेल्या पोराच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढायचा, बंदूक कशी बनवून घ्यायची, सीमा कशी ओलांडायची. सगळी कामं. कामं कॅमेऱ्याला आवडतात. झाडाला टांगलेल्या कलिंगडावर तो नेम धरतो ते बघा, संवाद लागतोय का? जॅकल ज्यांना मारायला निघतो ते फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल १९७० साली आजारानं घरी वारले हे सगळ्या जगाला माहीत, पुस्तक आलं १९७१ ला. म्हणजे शेवट तिथंही पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलाच की! तरी आपण नखं खातो.

चंदगडी_मास्तर

ताईंचं ऐकण्याचं म्हणणं पटलं. माझी भर दोनच गोष्टींची.

एक, लांबी. ल कारेचंच 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३) घ्या. बारीकसं पुस्तक, एक माणूस, एकच उतरण. १९६५ चा रिचर्ड बर्टनचा काळापांढरा सिनेमा दोन तासांच्या आत सगळं सांगतो, आणि शेवट मऊ करत नाही. (पुस्तकातल्या लिझचं सिनेमात नॅन झालं. बर्टनच्या घरची लिझ, म्हणजे बायको एलिझाबेथ टेलर, सगळ्या जगाला माहीत होती, म्हणून म्हणतात.) उलट लांबी हातात आहे म्हणून ती भरायची असं नसतं. 'जॅकल'ची २०२४ ची मालिका दहा भागांची. त्यात मारेकऱ्याला बायको दिली, पोर दिलं, स्पेनमध्ये घर दिलं. एडी रेडमेन काम छान करतो. पण मूळचा जॅकल हा नाव-गाव नसलेला माणूस, हीच तर त्याची धास्ती. त्याला सासू आली की धास्ती गेली.

दुसरी, 'राझी'. तिथं तुम्हाला सिनेमा उजवा का वाटला असेल ते सांगतो. पाकिस्तानातल्या शाळेच्या कार्यक्रमात मुलं वतनाचं गाणं म्हणतात. म्हणणाऱ्या मुलांचा देश एक, त्यांच्याबरोबर गाणाऱ्या, तिथं सून होऊन गेलेल्या भारतीय हेर सहमतचा दुसरा, आणि शब्द तेच. हे कागदावर लिहायचं तर लेखकाला समजावून सांगावं लागलं असतं. पडद्यावर मेघना गुलजार नुसती सहमत झालेल्या आलियाच्या चेहऱ्यावर थांबते. मी चंदगडचा, सासुरवाडी बेळगावची. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना शाळेच्या गॅदरिंगला बसलोय. हा प्रसंग मला कुणी फोडून सांगावा लागला नाही.

खानापूर_रोड

मास्तर, सासूवरून बोललात ते घरी वाचतात का?

चंदगडी_मास्तर

वाचत नाहीत म्हणून तर इथं लिहितो.

ट्रंककॉल_टिळकवाडी

निपाणीकर, मूळ प्रश्न राहूनच गेला. आधी मालिका बघा, मग पुस्तक. उलट सांगतील सगळे. पण ल कारे खात्याची बोली कसलंही स्पष्टीकरण न देता वापरतो. 'सर्कस' म्हणजे गुप्तचर खातं, 'लॅम्पलायटर', 'स्कॅल्पहंटर' या त्यातल्या वेगवेगळ्या शाखा. पहिल्या पन्नास पानांत माणूस दमतो. मालिकेनं चेहरे ओळखीचे झाले की पुस्तकात कान मोकळा राहतो. एका दिवशी एकच भाग. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात नको.

निपाणीकर_फाउंड्री

कळवायचं राहिलं होतं. मावशींनी सांगितल्याप्रमाणं दिवसपाळीत सुरुवात केली. बायकोही बसली, "एवढं काय आहे त्यात बघू तरी" म्हणून. पहिल्या भागात ती चार साहेबांची मीटिंग संपेपर्यंत घरात कुकरची शिट्टी सोडून आवाज नव्हता. पुस्तकही जुन्या बाजारातून मिळालं, पहिलं पान कोरं आहे, बघून घेतलं.

काल तिसरा भाग झाला. टीव्ही बंद करून मी तिला विचारलं, कोण वाटतंय? तिनं लगेच एक नाव घेतलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तो सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलतोय." बरोबर की चूक ते मी अजून सांगितलेलं नाही. तेव्हापासून ती माझ्याच तोंडाकडं बघत बसली आहे.