मदत हवी आहे: झड लागली, लंगोट वाळत नाहीत, लेकराची जांघ लालभडक

माझी मुलगी 5 महिन्यांची आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. आठ दिवसांपासून झड लागली आहे, दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस ओलेच. म्हणून रात्री डायपर घालू लागले आणि तो पहाटेपर्यंत तसाच राहू दिला. त्यातच खोकल्यासाठी अँटिबायोटिक सुरू झालं नि शी पातळ झाली.

आता जांघेच्या घडीत कातडी लाल, चकचकीत झाली आहे. कडेला मोहरीएवढे सुटे ठिपके आहेत. पाणी लागलं की पाय पोटाशी घेऊन अशी किंचाळते की माझ्याच्यानं बघवत नाही. सासूबाई पावडर लाव म्हणतात. मेडिकलमधून एक ट्यूब मिळाली, तिच्यावर क्लोट्रिमॅझोल आणि बेक्लोमेटासोन लिहिलंय. लावू का? नाल्याला पूर आहे, एसटी बंद.

प्रतिसाद:
ताई, ती ट्यूब लावू नका. बेक्लोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. डायपरखाली ते जास्त मुरतं, कोवळी कातडी पातळ पडते. घडीतली लाली आणि सुटे ठिपके, तेही अँटिबायोटिकनंतर, म्हणजे बहुतेक बुरशी. बुरशीला नुसतं क्लोट्रिमॅझोलचं मलम चालतं, पण आधी आशाताईमार्फत उपकेंद्राच्या सिस्टरला फोटो दाखवा. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर मोबाइलवरून, घरूनही डॉक्टरांशी बोलता येतं. अँटिबायोटिक मनानं बंद करू नका.

पावडर तर नकोच, ती श्वासात जाते. कोमट पाण्यानं धुवा, मऊ सुती फडक्यानं टिपा, घासू नका. मग लेकराला थोडा वेळ उघडंच खेळू द्या, माझ्या पोरीला सगळ्यात जास्त फरक यानंच पडला. नंतर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर. डायपर दर 2-3 तासांनी बदला, शी झाली की लगेच. ताप, फोड, पू दिसला किंवा दूध ओढेनाशी झाली, तर 108 ला फोन करा, पूर उतरायची वाट पाहू नका.

लंगोट साबण निघेपर्यंत खळबळा आणि वरून इस्त्री फिरवा.

धागाकर्ती:
आशाताईंना फोटो पाठवला, त्या सिस्टरला दाखवताहेत. पावडरचा डबा उचलून ठेवला. पण लाइट सकाळपासून नाही, इस्त्री कशी करू?

प्रतिसाद:
पितळी तांब्यात चुलीतले निखारे घाला, फडक्यानं धरून बाहेर ओसरीत लंगोटावर फिरवा. माझी माय असंच करायची. लंगोट पूर्ण गार झाल्यावरच बांधा.