मदत हवी आहे: मेडिक्लेमचे कागद एचआरमार्फतच द्यावे लागतात का?

शिफ्ट_बी
लवकर सांगा, शुक्रवारपर्यंत बिलं द्यायची आहेत. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे. पहिला क्लेम एचआरमार्फत गेला. तिथल्या बाईंनी डिस्चार्ज कार्ड स्कॅन करून टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) मेल केलं आणि सीसीमध्ये माझे मॅनेजर, अ‍ॅडमिन, सगळ्यांना घातलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसतोय तोच शेजारचा विचारतो, "वहिनींना आता झोप लागते का?" गोळ्यांची नावंसुद्धा त्याला पाठ! आता नंतरच्या औषधांची बिलं आणि फॉलोअपचे कागद परत एचआरलाच द्या म्हणतात. नाही दिले तर क्लेम अडेल का?

मेधा_नाशिक
कॅशलेस होतं की आधी पैसे भरलेत? टीपीएचं अ‍ॅप किंवा पोर्टल आहे का? तिथे तुमचं लॉगिन असेल तर एचआर मध्ये येतंच कशाला?

पंचगंगाकाठ
एवढं लपवायचं काय? माझ्या अँजिओप्लास्टीची फाईल अख्ख्या ऑफिसने पाहिली, उलट लोक मदतीला धावले. कागद द्या, पैसे घ्या, मोकळे व्हा.

मेधा_नाशिक
दादा, हार्टचं कळलं की लोक शहाळी घेऊन येतात. सगळ्याच आजारांना येत नाहीत. शिवाय माहिती त्यांच्या मिसेसची आहे. ती कुणाला सांगायची हे त्या ठरवतील.

निवृत्त_लेखनिक
इनडोअर पेशंटचे केस पेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसा नियम आहे. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. माझ्या भावाच्या वेळी हॉस्पिटलने फार फिरवलं होतं.

शिफ्ट_बी
कागद माझ्याकडे आहेत हो. ते कुणाच्या हातात द्यायचे, हे विचारतोय.

अ‍ॅडव्होकेट_सोलापूर
आजार कोणता ते सांगा, म्हणजे नेमकं कलम सांगता येईल. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. गर्भपात असेल तर एमटीपी कायद्याचं कलम ५अ लागतं, त्यात नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद आहे.

शिफ्ट_बी
तेच चारचौघांत नको म्हणून तर धागा काढलाय. मानसोपचार वॉर्ड होता, एवढं धरून चाला. पेशंट बायको. पैसे आधी मी भरले.

अ‍ॅडव्होकेट_सोलापूर
मग मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३. गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही तो लागू होतो. त्या बाईंना आजच नोटीस पाठवा.

क्लेम_डेस्क
वकीलसाहेब, कलम २३ मधलं गुप्तता पाळण्याचं कर्तव्य उपचार करणाऱ्यांवर टाकलंय. एचआरच्या बाई त्यात कशा बसवणार?

अ‍ॅडव्होकेट_सोलापूर
हक्क पेशंटचा आहे, तो कुणीही मोडला तरी मोडलाच. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय, त्यानंतर यात शंका नको.

क्लेम_डेस्क
हक्क मान्य. पण कंपनीला धरायचं तर आयटी कायद्याचं ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम सरळ लागू पडतात. मानसिक आरोग्य, वैद्यकीय नोंदी यांना तिथे 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' म्हटलंय. ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी ती वापरायची. क्लेमसाठी घेतलेलं डिस्चार्ज कार्ड मॅनेजरने कशासाठी बघायचं? कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं आणि तक्रार महिन्याच्या आत निकाली काढावी लागते.

कोडवाला
२०११ चं कशाला उकरताय? २०२३ चा नवा डेटा कायदा आलाय, २५० कोटींपर्यंत दंड! थेट डेटा संरक्षण मंडळाकडे जा.

क्लेम_डेस्क
त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर ४३अ च.

सोसायटीची_सेक्रेटरी
२०२० ची आठवण झाली. आमच्या विंगमधल्या एका कुटुंबाच्या दारावर कोविडचा कागद चिकटवला होता, त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. त्यांची कामवाली सुटली, दूधवाला जिन्यातूनच परत जायचा. पुढे डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय असे कागद लावायचे नाहीत. पण तोवर त्या घरातल्या मुलांशी कुणी खेळत नव्हतं. फार वाईट वाटतं अजून.

पंचगंगाकाठ
कोविडची गोष्ट वेगळी, तेव्हा शेजाऱ्यांना कळणं गरजेचं होतं.

मेधा_नाशिक
त्यावर वेगळा धागा काढा. इथे शुक्रवारची मुदत आहे.

क्लेम_डेस्क
शिफ्ट_बी, मी बरीच वर्षं टीपीएत क्लेम तपासलेत, म्हणून सांगतो. क्लेम फॉर्मच्या 'पार्ट ए'च्या शेवटी जिथे तुम्ही सही करता, तो मजकूर नीट वाचा. तुमची वैद्यकीय माहिती मागवायची संमती तिथे टीपीए आणि विमा कंपनीला दिलेली असते, एचआरला नाही. एचआरचं काम तुम्ही कर्मचारी आहात आणि बायकोचं नाव पॉलिसीत आहे, एवढं सांगण्यापुरतं. टीपीएच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा, "मी थेट पाठवू का?" नंतर तेच त्यांच्याकडून मेलवर घ्या. मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन आणि डिस्चार्ज कार्डची प्रत एका पाकिटात घालून स्पीड पोस्टाने पाठवा, पहिल्या क्लेमचा नंबर घाला. पाठवण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा. एचआरला फक्त क्लेम नंबर कळवा.

शिफ्ट_बी
फोन केला. पोर्टलवर अपलोड करा आणि मूळ कागद कुरिअरने पाठवा म्हणाले, एचआरची सही लागत नाही. मेलही आला. पण विमा कंपनी नंतर 'मानसिक आजार आहे' म्हणून क्लेम नाकारेल का?

क्लेम_डेस्क
तेवढ्या कारणावरून नाही नाकारता येत. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४): शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला. नाकारलाच तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा, महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे.

अ‍ॅडव्होकेट_सोलापूर
हे बरोबर. आणि सीसीचा तो मेल तुमच्याकडे आला असेल तर हेडरसकट पीडीएफ करून घरच्या मेलवर ठेवा. तक्रार बायकोच्या सहीने करा, माहिती त्यांची आहे.

शिफ्ट_बी
तिला विचारलं. सही करते म्हणाली. मेल सगळ्यांच्या इनबॉक्समधून काढून टाकावा आणि तसं लेखी द्यावं, एवढंच मागायचं आहे तिला. मसुदा कुणी बघून देईल का?

अ‍ॅडव्होकेट_सोलापूर
नाव, कंपनी गाळून व्यनि (खासगी निरोप) करा. आज रात्री बघतो.