हरला की पट उधळतो, पाच वर्षांच्या मुलासाठी कुठले खेळ?

सांजवात:
लेक मोठ्या गटात आहे. सापशिडीत साप चावला की पट उधळतो आणि मग रडारड. "चिडू नकोस" म्हटलं की आणखी भडकतो. सासूबाई म्हणतात मुद्दाम हरत जा, नवरा म्हणतो खेळच बंद कर. राग आवरायला मदत होईल असे साधे घरगुती खेळ सुचवा ना. मोबाइलवरचे नकोत.

बालवाडीताई:
मी साताऱ्यात बालवाडी चालवते. खेळ अजिबात बंद करू नका, फक्त सापशिडी सध्या बाजूला ठेवा. त्यात सगळा फाशाचा कारभार, मुलाच्या हातात काहीच नसतं. मेंदूतला स्वतःला आवरणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, पाचव्या वर्षी तर तो अगदीच कच्चा. त्यामुळे ऐन रागात समजावलेलं आत जात नाही. आवरायची सवय मूल मजेत असतानाच लागते.

विषामृत खेळा. विष लागलं की पाय जागच्या जागी, अमृत मिळेपर्यंत हलायचं नाही. भरधाव पळताना थांबायचं आणि सोडवायला कुणीतरी येईल म्हणून धीर धरायचा, दोन्ही एकाच खेळात! घरी दोघंच असाल तर स्टॅच्यू. गाणं थांबलं की पुतळा. ते जमलं की उलटं करा: जलद गाण्यावर सावकाश नाच, संथ गाण्यावर भराभर. अमेरिकेत ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या मेगन मॅक्लेलँड यांनी असेच थांबा-चला आणि उलट सूचनांचे खेळ लहान मुलांबरोबर घेऊन पाहिले. सुरुवातीला ज्यांना स्वतःला आवरणं जड जात होतं, त्या मुलांमध्ये फरक दिसला.

आमच्याकडे लिंबू-चमच्यात एक मुलगा लिंबू पडलं की चमचा भिरकावायचा. आम्ही नियमच बदलला. लिंबू पडलं की बाद नाही, मोठ्यानं "अरेच्चा!" म्हणायचं, उचलायचं आणि तिथूनच पुढे जायचं. आता दुसऱ्या कुणाचं पडलं की तोच ओरडतो, "अरेच्चा म्हण, अरेच्चा म्हण!"

मुद्दाम हरू नका. खरोखर हराल तेव्हा त्याच्यादेखत म्हणा, "मला वाईट वाटलं. चल, अजून एक डाव."

दोन नातींचा आजोबा:
"दीर्घ श्वास घे" म्हटलेलं आमच्या धाकटीला कळत नाही. साबणाचे फुगे द्या. जोरात फुंकलं की फुटतो, हळू लांब फुंकलं तरच मोठा होतो. आपोआप श्वास लांबतो. गॅलरीत खेळवा, फरशी निसरडी होते.

कैरीपन्हं:
आम्ही सापशिडी सोडली नाही. सगळ्यांची मिळून एकच सोंगटी ठेवतो, फासा पाळीपाळीनं टाकतो. साप चावला की सगळेच "आई गं!" करतो. १०० ला पोचलो की सगळेच जिंकलो.

सांजवात:
एकच सोंगटी! हे आज रात्रीच करते. पण ताई, रडणं सुरू झाल्यावर काय करू?

बालवाडीताई:
तेव्हा खेळ नाही आणि उपदेशही नाही. नुसतं जवळ बसा. शांत झाला की सोंगट्या दोघांनी मिळून गोळा करा, त्या एकट्या तुम्ही उचलू नका. नंतर विचारा, "राग कुठे आला होता, पोटात की हातात?" मुलं अगदी बोट ठेवून दाखवतात. शाळेतही रोज असंच होत असेल, किंवा तो स्वतःला वा दुसऱ्याला मारत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोला.