आंतरराष्ट्रीय शाळेत मुलं कृतीतून खरंच शिकतात, की नुसती रमतात?

ऋता_ज

आंतरराष्ट्रीय शाळांचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. 'तिथे मुलं खेळत खेळत शिकतात' नाहीतर 'तिथे काही शिकवतच नाहीत'. मी पुण्यात आयबीच्या शाळेत चौथीला शिकवते आणि मला दोन्ही पटत नाहीत. कृतीतून शिकणं लहान मुलांना सर्वांत जास्त लाभतं असं माझं ठाम मत आहे. पण त्यासाठी शिक्षकाला पुस्तकावरून शिकवण्यापेक्षा जास्त शिकवावं लागतं. 'मुलं आपापलं शोधतील' म्हणून शिक्षक बाजूला झाला की सगळं फसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ही शाळांसाठी आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणारी संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली. तिचा प्राथमिक कार्यक्रम, पीवायपी, १९९७ पासूनचा, ३ ते १२ वयाच्या मुलांसाठी. त्यात सहा मोठी सूत्रं असतात आणि वर्षभराचा अभ्यास त्या सूत्रांखालच्या युनिटांमधून होतो. एक युनिट साधारण सहा आठवडे चालतं. बोर्डाचं असं पाठ्यपुस्तक नसतं.

आमचं एक युनिट पाण्यावर असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतलं पाणी आपल्या नळापर्यंत कसं येतं, हे मुलं शोधतात. ज्यांच्या सोसायटीत टँकर येतो ती मुलं वॉचमनकाकांकडून टँकरची नोंदवही मागून आणतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते पाहिलेल्या आजी-आजोबांना प्रश्न विचारतात.

पण मला सांगायचंय ते गळक्या नळाचं. शाळेतल्या एका गळक्या नळाखाली मोजपात्र ठेवलं. दहा मिनिटांत २५० मिलीलिटर पाणी जमलं. तासाला किती? एका गटाने २५० गुणिले ६० केलं आणि १५ लिटर उत्तर काढलं. मी काहीच बोलले नाही, १५ लिटरची बादली आणून त्यांच्यासमोर ठेवली. तासाभरात ही भरेल? मुलं नळाकडे बघतायत, बादलीकडे बघतायत. मग त्यातलीच एक मुलगी म्हणाली, "तासात दहा मिनिटं सहाच वेळा येतात ना!" म्हणजे तासाला दीड लिटर आणि दिवसाला ३६ लिटर. शहरात दर माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे एका माणसाच्या पाण्याचा चौथा हिस्सा, थोडा जास्तच, एका नळातून वाहून जातोय.

पुढचे दोन दिवस गटकाम बंद. फळ्यावर दोन अंकी गुणाकार आणि मिलीलिटरचे लिटर शिकवले, वहीत सरावाची गणितं घातली. हे दोन दिवस कुठल्याही शाळेच्या माहितीपत्रकात दिसणार नाहीत, पण माझ्या मते ते नसते तर नळाचा प्रयोग वाया गेला असता. तुम्हाला काय वाटतं?

पालक_वाकड

ताई, तुमचा वर्ग चांगलाच असणार. पण आम्ही वर्षाला काही लाख फी भरून जे पाहतो ते वेगळं आहे. मुलगा पाचवीत आहे (शाळेचं नाव लिहीत नाही). त्याचं सादरीकरण बघावं, एखाद्या कंपनीतल्या माणसासारखं बोलतो. आणि सात आठे विचारलं की बोटं मोजतो. शाळेत सांगितलं तर उत्तर मिळालं की 'संकल्पना समजलीये, पाठांतर महत्त्वाचं नाही.' शेवटी संध्याकाळी पाढ्यांसाठी शिकवणी लावली. आमच्या इमारतीत त्या शाळेची जितकी मुलं आहेत, जवळजवळ सगळ्यांना शिकवणी आहे. मग श्रेय कोणाला द्यायचं, शाळेला की संध्याकाळच्या मॅडमना?

आणि प्रोजेक्ट करतं कोण? रात्री साडेनऊला स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट शोधणारे आईबापच असतात.

केदार_ना

मी आठवी ते दहावीचं गणित शिकवतो. पालक_वाकड यांचं म्हणणं मला रोज दिसतं, फक्त तीन-चार वर्षांनंतरचं.

मुळात आक्षेप पद्धतीवरच आहे, एखाद्या शाळेवर नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये एक निबंध लिहिला, त्याचा गाभा साधा आहे. माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. ज्याला विषय नवा आहे त्याला कमी मार्गदर्शन देऊन शोधायला सोडलं की त्याची सगळी शक्ती शोधण्यातच संपते, शिकायला उरत नाही. नवशिक्याला आधी सोडवलेली उदाहरणं दाखवावीत, मग हळूहळू हात सोडावा. अमेरिकेत १९६८ पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी अनेक शिक्षणपद्धतींची मोठी तुलना झाली होती. वाचन आणि गणिताच्या पायाभूत कौशल्यांत सरळ, पायरीपायरीने शिकवणारी पद्धतच पुढे निघाली.

ऋताताई, तुमच्या गोष्टीतही शिकणं कुठे झालं? त्या दोन दिवसांत, फळ्यापाशी. मग सहा आठवड्यांचा डोलारा कशाला? वेळ मर्यादित असतो. पाण्यावर घालवलेला प्रत्येक तास अपूर्णांकांच्या तासातून येतो. श्रीमंत घरातलं मूल शिकवणी लावून ती भर काढतं. ज्याच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत त्याचं काय?

गुरुजी_डहाणू

केदार सर, गरीब मुलांच्या नावाने बोललात म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी.

आमच्या भागात या वादाचं उत्तर फार आधी मिळालंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर. १९५७ ला काम कोसबाडला गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. पानं, बिया, खडे हेच साहित्य. त्याच्या आधी, १९३७ ला, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. मग आज लाखो रुपये फी घेणाऱ्या शाळेने 'आम्ही कृतीतून शिकवतो' म्हटलं की ते परदेशातून आल्यासारखं का वाटावं?

आता गणिताचं बोलू. ४२ वजा १७. माझ्या दुसरीतल्या पोराकडे काड्यांच्या दहाच्या चार मोळ्या आणि दोन सुट्या काड्या. सात काढायच्यात, सुट्या दोनच. तो एका मोळीचं रबर काढतो. आता सुट्या बारा. सात बाजूला, पाच उरल्या. राहिलेल्या तीन मोळ्यांतली एक दिली, दोन उरल्या. पंचवीस. हेच चार-पाच दिवस केलं, मग फळ्यावर हातच्याचं गणित मांडलं, तर त्या वर लिहिलेल्या बारीक आकड्याचा अर्थ त्याला विचारावा लागत नाही. फळ्यापासून सुरुवात केली तर दोन वर्षं सातातून दोन वजा करत बसतो, कारण 'मोठ्यातून लहान जातो' एवढंच त्याच्या डोक्यात राहतं. तुमच्याकडे आठवीत येणाऱ्यांपैकी किती जण तसेच असतात ते तुम्हीच सांगा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात) शिक्षकांनी जीव ओतून ज्ञानरचनावादी काम केलं, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या विचाराचं. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा अक्षरं-आकड्यांनी रंगल्या. जिथे शिक्षकाला कळलं होतं तिथे मुलं त्या फरशीवर बसून शिकली. जिथे तपासणीसाठी रंगवली तिथे नुसता रंग राहिला.

ऋता_ज

गुरुजी, मोळी सोडण्याचं तुम्ही लिहिलंत ते मी उद्या आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार आहे.

केदार, त्या निबंधाला २००७ मध्ये मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी दिलेलं उत्तरही वाचा. त्यांचा मुद्दा असा की शोधातून शिकण्याच्या चांगल्या पद्धतींत मार्गदर्शन कमी नसतंच, भरपूर असतं, फक्त ते प्रश्नांच्या, साहित्याच्या, नेमक्या वेळी दिलेल्या माहितीच्या रूपात असतं. मी ठेवलेली बादली हे मार्गदर्शनच होतं.

आणि शिकणं फळ्यापाशी झालं, हे अर्धंच खरं. १५ लिटर हे उत्तर अशक्य आहे, हे फळ्यावर कळलं नसतं. तिथे १५,००० मिलीलिटर हा नुसता आकडा असतो, बाईंनी चूक म्हटलं की चूक. उत्तरावर संशय घ्यायची सवय मला तरी सरावाच्या गणितांतून लावता आलेली नाही.

पालक_वाकड, 'पाठांतर महत्त्वाचं नाही' हे उत्तर चुकीचंच आहे. आयबीने पाढ्यांवर बंदी घातलेली नाही. माझ्या वर्गात रोज सकाळी पाढे होतात. शाळेला जाऊन स्पष्ट विचारा, गणिताचे स्वतंत्र तास आठवड्यात किती आणि मुलाच्या वहीत सराव कुठे आहे?

अश्विनी_सिंगापूर

मला दोन्ही बाजू जवळून दिसतात. माझी मुलगी इथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत, तिची मैत्रीण सरकारी शाळेत. सरकारी शाळा म्हणजे कडक, सहावीअखेर पीएसएलई ही प्राथमिक शाळा सोडतानाची परीक्षा. तरी गणितात ठोकळे तिथेही आहेत. १९८० च्या दशकापासून त्यांनी क्रम ठरवलाय: आधी वस्तू हातात, मग चित्र, मग आकडे. गुरुजींच्या काड्या आणि हे एकच.

पण ऋता, तुझ्या मांडणीत मला एक गोष्ट खटकते. गणिताला स्वतःच्या पायऱ्या असतात. पाण्याच्या युनिटला गुणाकार लागला म्हणून गुणाकार शिकवला. पुढचं युनिट स्थलांतरावर असेल, त्यात भागाकार आलाच नाही तर? माझ्या मुलीच्या शाळेत दोन वर्षं अपूर्णांक असेच इकडेतिकडे भेटले, सलग कधीच नाहीत. तिला पिझ्झ्याचा पाव हिस्सा कळतो, पण पाव अधिक एक तृतीयांश आलं की थांबते. कृतीला माझा विरोध नाही. सगळे विषय एका सूत्रात गुंफायच्या हट्टाला आहे.

ऋता_ज

हे मला मान्य आहे, आणि म्हणून आमच्याकडे गणिताची स्वतःची वार्षिक आखणी आहे, युनिटमध्ये बसेल तेवढंच युनिटमध्ये. भाषा आणि परिसर मात्र मी गुंफूनच शिकवीन. पानशेतच्या मुलाखती लिहिताना आमच्या मुलांनी जेवढं मराठी लिहिलं तेवढं मराठीच्या तासांना वर्षभरात लिहीत नाहीत. २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं खरं, पण बऱ्याच ठिकाणी ते फळ, फुलं, रंग यांच्या वर्कशीटपुढे जात नाही. 'तुमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही आधी काय उचललंत?' हा प्रश्न एका मुलाने शेजारच्या आजींसाठी स्वतः तयार केला. त्याला 'उचललंत' हे रूप हवं होतं, म्हणून ते विचारायला तो माझ्याकडे आला.

केदार_ना

बादलीचा मुद्दा मी मान्य करतो, ती जागा चांगली आहे. पण ती तुमच्यामुळे आहे. वर्गातला कच्चा गुणाकार ओळखून नेमक्या क्षणी गप्प राहणारी शिक्षिका किती शाळांत मिळेल? वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलणाऱ्या शाळांत ही पद्धत पहिल्या महिन्यात कोसळते. सरळ शिकवणं साधारण शिक्षकाच्या हातूनही बरं होतं. हजारो शाळांसाठी पद्धत निवडायची तर मी तीच निवडेन, आणि तुमच्यासारख्यांना मोकळीक देईन.

गुरुजी_डहाणू

साधारण शिक्षक म्हणजे आम्हीच ना सर? मोळ्यांचं मी ज्या सहकाऱ्याकडून शिकलो त्याच्याकडे काही खास पदवी नव्हती. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत त्याने अर्धा तास करून दाखवलं. आम्हाला असा अर्धा तास महिन्याला मिळाला आणि ऑनलाइन माहिती भरायचं काम थोडं कमी झालं, तर पुढचं आम्ही करतो.

ऋताताई, नळाचा प्रयोग आमच्याकडे हातपंपावर करतोय. पंपाचा दांडा किती वेळा मारला की हंडा भरतो, आणि घरी दिवसाला किती हंडे लागतात? मोजपात्र नाही, लिटरची बाटली कापून खुणा करू. चौथीच्या बाई तयार आहेत. तुमची सरावाची गणितं इथे टाकाल का?

पालक_वाकड

ऋताताई, सोमवारी शाळेत जाऊन वह्या मागतोय. गणिताचे स्वतंत्र तास नसतील तर पुढच्या वर्षी मुलाला तिथे ठेवणार नाही, हे आजच घरी ठरवलंय.