‘भाव ठेवणे’ आणि ‘जिवेभावे’ : ख्रिस्ती मराठीतले अर्थ

प्रश्न : आम्ही गुरुवार पेठेत राहतो. शेजारच्या ख्रिस्ती आजी कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली की ‘प्रभूवर भाव ठेवा’ म्हणतात. ‘विश्वास ठेवा’ असं नाही, ‘भाव’च. शिवाय त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक पाटी आहे : ‘प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.’ भाव म्हटलं की मला मार्केट यार्डातले भाव आठवतात, नाहीतर भाव खाणारी माणसं. या दोन्ही ठिकाणी नेमका अर्थ काय घ्यायचा?

उत्तर : मी पुण्यातल्याच मराठी मंडळीत वाढलो. (मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चचे सगळे सभासद मिळून.) हे दोन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि मला ते फार प्रिय आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजींचं वाक्य बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये पाचवं वचन असं आहे : ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ अर्थ या दुसऱ्या अर्ध्यातच उलगडतो. अवलंबून राहण्याच्या समोर भाव ठेवणं उभं केलंय. म्हणजे इथला भाव ही भावना नव्हे. मन भरून येणं, डोळ्यांत पाणी येणं असलं काही त्यात असेल किंवा नसेलही. आपला भार कुणावर टाकला आहे, एवढाच प्रश्न आहे. मूळ हिब्रू क्रियापद ‘बाटाख’, त्याचाही रोख विसंबून निर्धास्त राहण्याकडेच आहे.

भाषांतरकारांनी यासाठी नवा शब्द घडवला नाही. ‘भाव तेथे देव’ घरोघरी होतं, आरतीनंतर ‘भावे ओवाळिन म्हणे नामा’ म्हटलं जात होतं, तोच शब्द त्यांनी उचलला. संतांच्या भावात प्रेमाचा ओलावा जास्त आणि नीतिसूत्रांत विसंबण्यावर जोर, हा फरक आहे खरा. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी दोन्ही एकजीव झाले आणि माझ्या मते त्यात आमचा फायदाच झाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या पुलावरून येताना हा शब्दही बरोबर आला, असं मला वाटतं.

आता ‘विश्वास’. बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्रात (११:१) त्याची व्याख्याच आहे : ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे.’ पण विश्वास हा शब्द ऐसपैस आहे. एखादी गोष्ट खरी मानणं एवढ्यावरही त्याचं भागतं. याकोबाच्या पत्रात म्हटलंय की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. तिथे ‘भुते देवावर भाव ठेवतात’ असं लिहून पाहा. मराठी कानाला ते चालणारच नाही. दोन शब्दांतला फरक यापेक्षा स्वच्छ मला दाखवता येणार नाही. ‘भरवसा’ आम्ही बहुधा एखाद्या ठराविक वचनाबद्दल किंवा पुढे होणाऱ्या गोष्टीबद्दल वापरतो.

पाटीवरचं वचन कलस्सैकरांस पत्रातलं (३:२३). पूर्ण असं : ‘जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.’ ग्रीकमध्ये इथे नुसतं ‘जिवातून’ आहे. ‘भाव’ मराठीने जोडला, कारण आपण जीव आणि भाव एका दमात बोलतो. हे वचन सांगितलंय कुणाला, तर आधीच्याच ओळीतल्या दासांना. धन्याच्या घरी पाणी भरणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या माणसांना. म्हणून उपासनेत गीत गाताना जेवढं जिवेभावे लागतं, तेवढंच ते कामावर लागतं.

माझी आत्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. रात्रपाळीला निघताना ओट्यापाशी उभ्यानेच प्रार्थना करायची, दोन वाक्यांची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चादर बदलली की पाठीखालून तळहात फिरवून बघायची, कुठे सुरकुती राहिली का. राहिली तर तिथे कातडी सोलवटते आणि जखम होते. हाताखालच्या नव्या मुलींना सांगायची, ‘जिवेभावे ओढा गं चादर.’ या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. पुढे पत्र वाचलं तेव्हा तो ओळखीचाच निघाला.

पुढचा प्रश्न : पण ‘भाव ठेवा’ म्हणजे शेवटी हात जोडून स्वस्थ बसा, असंच नाही का होत? डॉक्टरकडे जायचं की नाही?

उत्तर : जायचं. ‘आपल्याच बुद्धीवर’ मधला ‘च’ सोडू नका. बुद्धी वापरू नको असं तिथे म्हटलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण पाहा, ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. त्यांनी १८९० साली शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा मुंबईहून पुण्यात आणली. पुढे दुष्काळात अनाथ, निराधार मुली आणि बाया शेकड्यांनी आश्रयाला आल्या, तेव्हा केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. एवढ्यांची चूल रोज पेटणार कशी याची चिंता त्या देवावर टाकत आणि त्याच वेळी विहिरी खणून घेत, शेती करवत, मुलींना हातातली कामं शिकवत. केडगावचा छापखाना बायकाच चालवायच्या. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. भाव ठेवणारी व्यक्ती कशी दिसते असं कुणी विचारलं, तर मी रमाबाईंकडे बोट दाखवीन. स्वस्थ बसलेल्या त्या कुठेच सापडत नाहीत.

आणखी एक वाचक : आमच्या कॅथलिक मराठीत ‘श्रद्धा’ जास्त ऐकू येतो. आणि कोकणी ख्रिस्ती लोक तर विश्वासालाच ‘भावार्थ’ म्हणतात, श्रद्धावंतांना ‘भावार्थी’.

उत्तर : हे फार छान सांगितलंत. मराठीत भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहायचा सारांश होऊन बसला. कोकणीत तो अजून देवाजवळ आहे.

शेवटची शंका : ‘जीवेभावे’ की ‘जिवेभावे’?

उत्तर : जुन्या पोथ्यांत ‘जीवेंभावें’ दिसेल. आजच्या नियमाने ‘जीव’ला प्रत्यय लागला की जि ऱ्हस्व होतो : जिवाला, जिवाचा, जिवेभावे. हे क्रियाविशेषण आहे. माणसाबद्दल बोलताना ‘जिवाभावाचा’. ‘जिवेभावाने’ असंही उपदेशात कानावर येतं, पण तिथे पहिल्या शब्दाला एक प्रत्यय आणि दुसऱ्याला भलताच, असा घोटाळा होतो. लिहिताना टाळावं. आजींच्या पाटीवर जि ऱ्हस्व असेल, तर पाटी बरोबर आहे.